प्लायच्या घराची पहिली खाच

कुडाळला वर्कशॉपात सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगप्रमाणे लाकूड कापणारं यंत्र, आला तेव्हा अण्णा म्हणाले, "यंत्र कापील रे, पण बसवणार कोण?" प्रश्न खराच होता. विकीहाऊसची कल्पना २०११ साली लंडनमध्ये पुढे आली: प्लायचे भाग अशा यंत्रावर कापायचे आणि खाचा-कुसूंनी (कुसू म्हणजे खाचेत बसणारं टोक) जोडून घराचा सांगाडा उभा करायचा. वाचायला सोपं आहे.

तुम्ही आधी अख्खी खोली उभी करायचा नाद सोडा, एकच सांधा कापा.

१८ मिमी म्हणून घेतलेला प्लाय क्वचितच १८ भरतो. आमचा १७.४ निघाला, एका कोपऱ्यात त्याहूनही कमी. म्हणून प्रत्येक शीट व्हर्नियरने चार-पाच जागी मोजा आणि खाच सर्वांत जाड मापापेक्षा पाव मिमी रुंद ठेवा. मी पहिल्यांदा कागदावरचं १८ धरून कापलं. सगळे सांधे खुळखुळले, आठ बाय चारच्या दोन शीट वाया. अण्णा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसरी गोम कोपऱ्याची. ६ मिमीचं बिट, म्हणजे यंत्राचं कापणारं पातं, गोल फिरतं, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई उरते आणि चौकोनी कुसू तिथे अडतं. ड्रॉइंगमध्येच प्रत्येक आतल्या कोपऱ्यात बिटाला थोडं बाहेर जाऊ द्या.

भागांवर नंबर यंत्रानेच कोरून घ्या. पेन्सिल पुसली जाते.

आमच्याकडे पाऊस आणि वाळवी दोन्ही. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना जोडणीआधीच सीलर, म्हणजे ओल अडवणारा लेप, द्या आणि सांगाडा जोत्यावर चढवा.