स्कॅनर लावला, कोड पुसला, गाडी तशीच! या चुका टाळा

नवा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, हातात आला की लोक सगळ्यात आधी 'इरेज' दाबतात. चेक इंजिनचा दिवा विझतो, मालक खूश. चार दिवसांनी तो पुन्हा पेटला की गाडी माझ्या दारात. कोड कोणता होता विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "लक्षात नाही, पण 'पी'ने सुरू होत होता." अहो, इंजिन-गिअरबॉक्सचे सगळेच कोड 'पी'ने सुरू होतात!

पुसताना नुसता कोड जात नाही, फ्रीज फ्रेम, म्हणजे त्या क्षणाची नोंदही जाते. दोष नोंदला गेला तेव्हा आरपीएम किती होते, इंजिन थंड होतं की गरम, गाडी उभी होती की पळत होती, हे सगळं त्यात असतं. अधूनमधून येणारा बिघाड पकडायला तेवढाच धागा असतो आणि तोच आपण आपल्या हाताने तोडतो. शिवाय रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच घेतो त्या चाचण्यांची नोंद, शून्यावर येतात. ते पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरुवात करून वेगवेगळ्या वेगांत गाडी चालवावी लागते. त्यामुळे तपासणीच्या आदल्या रात्री कोड पुसण्याची हुशारी करू नका. नव्या गाड्यांत परमनंट कोडही असतात, ते स्कॅनरने जातच नाहीत. दोष खरंच गेल्याची खात्री झाली की ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) ते स्वतःच काढतो. माझी सवय साधी आहे: आधी नोंदलेले कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड आणि फ्रीज फ्रेम यांचे मोबाइलवर फोटो. पुसायचं ते दुरुस्तीनंतर.

दुसरी चूक याहून महाग पडते: कोडचं वर्णन वाचून थेट पार्ट आणायचा. एकाच्या गाडीला पी०१७१ येत होता, म्हणजे बँक १ मध्ये (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत) मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. त्याने कुठेतरी वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा परत. मग इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सर बदलला. दिवा परत. माझ्याकडे आला तेव्हा फ्युएल पंप आणायच्या तयारीत होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा तो बिचारा सेन्सर तर पहिल्यापासून खरंच सांगत होता.

मी लाइव्ह डेटा उघडला. इंजिन गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता) लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २२ टक्के, म्हणजे मिश्रण सावरायला ईसीयू तेवढं जास्त पेट्रोल सोडत होता. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं, तर आकडा अधिक ५ वर उतरला. इथेच अर्धं निदान झालं. पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर जास्त रेसला, लोडवर आकडा वाढला असता. आयडलला जास्त आणि रेसला कमी, म्हणजे मोजमाप न होता कुठूनतरी हवा आत शिरतेय. रेसला इंजिन इतकी हवा ओढतं की त्या गळतीचा वाटा किरकोळ होतो. धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन लावलं. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा, रबरी पाइप खालच्या वळणावर चिरलेला, वरून बघितला तर ठणठणीत. दोन सेन्सरच्या मानाने त्या पाइपची किंमत काहीच नव्हती. तेव्हापासून तो गृहस्थ आधी ट्रिम बघतो.

पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आला की धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला धावणारेही याच जातीचे. आधी मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) आणि एक्झॉस्टची गळती तपासा.

स्कॅनरच सुरू होत नसेल तर त्याला शिव्या देण्याआधी फ्यूज बघा. स्कॅनर जिथे खोचतो त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट असतो, ४ नंबरवर अर्थिंग. बऱ्याच गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. पडदा लागतो पण 'लिंक एरर' येतो? चावी ऑनवर आहे का? हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. तरीही बोलत नसेल तर बॅटरी काढून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. कॅन लाइन (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या तारा) थेट सॉकेटपर्यंत आलेली असेल तर साधारण ६० ओहम यावा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) तुटलाय. मधे गेटवे (सॉकेट आणि लाइन यांच्यामधला मॉड्यूल) असेल तर हा हिशेब लागू नाही.

'यू'ने सुरू होणाऱ्या (मॉड्यूल आपसात बोलत नसल्याच्या) कोडांची रांग दिसली की आधी बॅटरीचं व्होल्टेज. मॉड्यूल एकामागून एक मरत नसतात.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर राहू द्या, गाडी थांबवा. मिसफायरने न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकतं.

चालत्या गाडीचा डेटा हवा असेल तर रेकॉर्डिंग लावा किंवा शेजारी कोणी बसवा. स्टिअरिंग धरून ग्राफ बघणाऱ्यांना मी गाडीतून उतरवतो. ब्लूटूथवाला छोटा अडॅप्टर कायम खोचून ठेवू नका. गाडी काही दिवस उभी राहिली तर तोच बॅटरी उतरवतो, आणि मग लोक अल्टरनेटर बदलायला निघतात.