कॉमिकवरून पटकथा लिहिताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पटकथा वाचायला पाठवतं. "सर, सुपरहिरो आहे, पण वेगळा." पहिलं पान उघडावं तर काळोख, तारे आणि घोगऱ्या आवाजातला निवेदक: फार फार वर्षांपूर्वी... मी चहा टाकायला उठतो.

चिडतो, कारण हा उद्योग मीही केलाय. मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला. वीसेक वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत सराव म्हणून वेताळाची, म्हणजे त्यातल्या मुखवटेधारी फँटमची, पटकथा लिहायला घेतली. आपला वेताळ एकविसावा, म्हणजे आधीचे वीस सांगायलाच हवेत, नाही का? १५३६ सालचा चाच्यांचा हल्ला, किनाऱ्याला लागलेला पोरगा, बापाच्या खुन्याच्या कवटीवर घेतलेली शपथ, मग पिढ्यांमागून पिढ्या. बावीस पानं झाली तरी नायक घोड्यावर बसेना. शिकवणाऱ्या बाईंनी बाड मिटलं. "पुराण झकास आहे. आरती कधी?"

घरी येऊन जुने अंक काढले आणि लाज वाटली. ली फॉकने ही मालिका १९३६ साली सुरू केली. उशिरा आलेल्या वाचकासाठी तो शपथ नि पिढ्या दोन-चार चौकटींत उरकायचा आणि लगेच गोष्टीला लागायचा. उत्तर माझ्या कपाटातच होतं.

तेव्हापासून पहिली दहा पानं मी भूतकाळाशिवाय लिहितो आणि घरात वाचून दाखवतो. ऐकणारा जिथे "पण हा असा का वागतो?" म्हणतो, तिथेच जन्मकथा घालतो, तीही अर्ध्या पानात. कुणी विचारलंच नाही तर घालत नाही. स्पायडरमॅनच्या जन्मकथेचा गाभा म्हणजे त्याच्या बेनकाकाचा मृत्यू; २०१७च्या स्पायडरमॅनपटात तो दाखवलाच नाही. कुणाचं काही अडलं नाही.

दुसरी चूक कळसाची घाई. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीतली जीन ग्रे १९६३पासूनची. ती फिनिक्स, म्हणजे अफाट शक्तीची, झाली १९७६ साली आणि मेली १९८०मध्ये. वाचकांनी तिच्यासोबत वर्षं काढली होती, म्हणून ते मरण लागलं. सिनेमावाल्यांना फक्त मरण दिसलं. २००६मध्ये ते दुसऱ्या एका कथानकाच्या गर्दीत कोंबलं. २०१९मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही २००६च्या दोन लेखकांपैकी एकाकडूनच. तोवर नव्या नटीच्या या जीनला प्रेक्षक जेमतेम एका चित्रपटापुरते ओळखत होते. रडणार कोणासाठी? नवशिक्यांना हे सांगितलं की म्हणतात, "सर, पण युनिव्हर्स उभं करायचंय." आधी एक माणूस उभा करा. मी कॉमिकच्या कळसाच्या अंकापासून मागे मोजत जातो: वाचकाने किती अंक वाट पाहिली? तेवढी ओढ दोन तासांत लागणार नसेल, तर दुसरी, लहान गोष्ट निवडतो.

बाकीच्या पटापट.

मूळ रूपाची लाज वाटणे: गॅलॅक्टस म्हणजे ग्रह गिळणारा, जांभळ्या शिरस्त्राणातला अवाढव्य देव. २००७च्या फँटॅस्टिक फोर सिनेमात त्याचा ढग केला. ढगाला कोण घाबरतं? पावसाळ्यात आम्हीसुद्धा नाही.

नट दिसावा म्हणून मुखवटा काढणे: जज ड्रेड हा भविष्यातला हेल्मेटवाला पोलीस-न्यायाधीश कॉमिकमध्ये चेहरा दाखवत नाही. १९९५च्या सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने हेल्मेट काढलं. २०१२मध्ये कार्ल अर्बनने शेवटपर्यंत काढलं नाही आणि नुसत्या हनुवटीवर भूमिका निभावली. दोन्ही ओळीने पाहा.

चौकटीतला मजकूर निवेदकाच्या गळ्यात बांधणे: ताकदीसोबत जबाबदारी येते, हे स्पायडरमॅनचं वाक्य १९६२च्या पहिल्या कथेत कुठल्याच पात्राच्या तोंडी नाही, शेवटच्या चौकटीतली ती नुसती ओळ आहे. २००२च्या सिनेमाने ते गाडीत बसलेल्या काकाला दिलं, आणि पोरगा वैतागून उतरून गेला. त्या वैतागामुळे वाक्य टोचतं.

अंक न वाचता पंधरा मिनिटांच्या व्हिडिओवरून लिहिणे: हे मला तिसऱ्या पानावर कळतं. मग मी पटकथेतल्या खलनायकाबद्दल एक साधा प्रश्न विचारतो, "तो पहिल्यांदा कुठल्या अंकात आला?" समोरचा फोन काढतो.