नवा प्रोसेसर टाकण्याआधी बायोस अपडेट करताय? या चुका टाळा

गणपतीच्या सुट्टीत मालवणातून आतेभावाचा फोन आला, "दादा, सगळं नीट बसवलं, पंखे पण फिरतायत, पण स्क्रीनवर कायच येत नाय." त्याच्याकडे एएमडीचा बी४५० मदरबोर्ड होता, त्यावर रायझन ३ २२००जी प्रोसेसर. नवा रायझन ५ ५६०० कुरियरने आला त्याच दिवशी त्याने जुना विकून टाकला आणि मग नवा बसवला. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि दरवर्षी कोणी ना कोणी करतंच. बी४५० बोर्ड आले २०१८ मध्ये, ५६०० आला २०२२ मध्ये, सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, दोन्हीचं एएम४ म्हणून प्रोसेसर बसतो व्यवस्थित, पण बोर्डातल्या जुन्या बायोसला, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या चिपमधल्या सॉफ्टवेअरला, तो ओळखता येत नाही, मग डिस्प्ले येणार कुठून. अपडेट करायचा तो जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. नवा चालू होऊन दोन दिवस नीट चालेपर्यंत जुना विकू नका, कोणाला देऊ नका.

आमच्या बाबतीत अजून एक गोची होती. २२००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, ५६०० मध्ये नसतं. म्हणजे बायोस नवा असता तरी बोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली केबल काळीच राहिली असती. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जी सारखा जी वाला घ्या, हे पैसे भरायच्या आधी बघायचं.

आता लाईट. पुण्यामुंबईची मंडळी यावर एक ओळ लिहून पुढे जातात, आपल्याकडे हाच खरा विषय आहे. पावसात वारा सुटला की माडाचं झाप तारेवर पडतं आणि लाईट गेली, कधी येईल सांगता येत नाही. बायोस लिहिताना मध्येच करंट गेला तर चिपमध्ये अर्धवट फाईल राहते आणि बोर्ड उठतच नाही. म्हणून यूपीएसवरच करा, आणि यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आधी पीसी चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा, पाच-दहा मिनिटं तग धरतो का. बॅटऱ्या इथल्या दमट हवेत कधी बसतात कळत पण नाही. घरच्या इन्व्हर्टरवर करणार असाल तर बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं ते लावा, नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. ढग गडगडत असतील तर त्या दिवशी राहू द्या, प्रोसेसर कुठे पळून जात नाही.

फाईल घेताना बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन (त्याच बोर्डाची कितवी आवृत्ती) बघा, ते बोर्डावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना वेगळी फाईल असू शकते. कंपनीच्या साईटवर सीपीयू सपोर्टची यादी असते, तुमच्या प्रोसेसरसमोर किमान कुठलं व्हर्जन लागतं ते तिथे लिहिलेलं असतं. यादीत प्रोसेसरच नसेल तर विषय संपला. इंटेलवाल्यांनी तर हे नक्की बघा, सहाव्या-सातव्या जनरेशनचं आणि आठव्या-नवव्याचं सॉकेट दोन्ही ११५१ च, पण जुन्या बोर्डावर नवा चालत नाही. उलट इंटेलच्याच बी६६० बोर्डावर बारावी जनरेशन असेल तर बायोस टाकून तेरावी-चौदावी चालते. व्हर्जनखालची सूचना पण वाचा, काही बोर्डांना आधी मधलं एखादं व्हर्जन टाकावं लागतं, थेट शेवटचं नाही.

पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि झिप उघडून आतली फाईल टाका, झिप तशीच टाकली तर बायोसला दिसत नाही. विंडोजमधून अपडेट करू नका, मध्येच हँग झालं की संपलं. बायोसमध्ये जाऊन तिथल्याच टूलने करा. बोर्डाला फ्लॅशबॅक बटण असेल तर प्रोसेसर नसतानाही होतं, पण ठराविक यूएसबी पोर्टच लागतो आणि फाईलला कंपनी सांगते तेच नाव द्यावं लागतं. विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलच्या नावातलं टिंबानंतरचं शेपूट, लपवतं, त्यामुळे नाव बदलताना शेपूट दोनदा लागत नाही ना बघा.

ज्यांचं बिटलॉकर (विंडोजचं ड्राईव्ह कुलूपबंद ठेवणारं फीचर) चालू आहे त्यांनी आधी ते सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली, बिटलॉकरची किल्ली सांभाळणारी तिजोरी) रिसेट करू का असं बायोस विचारतं, तिथे की हाताशी नसताना वाय दाबलं तर ड्राईव्ह लॉक होऊन बसतो.

एएम४ वर कूलर सरळ वर खेचू नका, मधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं एखादा गेम चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

सगळं करूनही डिस्प्ले नाही आला तर घाबरू नका. पहिल्या बूटला रॅम ट्रेनिंगमध्ये, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेण्यात, काही मिनिटं जाऊ शकतात, एएम५ या नव्या सॉकेटवर तर जास्तच, तेवढं थांबा. मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ पदावर आणा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) असे छोटे दिवे असतात, कुठला पेटून राहतो ते बघा. डीरॅमचा राहिला तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसा, समुद्राजवळच्या घरात त्यांच्यावर थर चढतो. बायोस लिहिणंच खरंच फसलं असेल तर चिप लेव्हल काम करणाऱ्याकडे प्रोग्रॅमर यंत्राने चिप परत लिहून मिळते, फक्त बऱ्याच एएम४ बोर्डांची चिप १.८ व्होल्टची असते, त्यासाठीचा अडॅप्टर आहे का ते विचारून घ्या.

आतेभावासाठी शेवटी कुडाळातल्या मित्राचा जुना रायझन दोन तासांसाठी मागून आणला, त्यावर बायोस टाकला, माझं जुनं ग्राफिक्स कार्ड लावलं आणि ५६०० पहिल्याच झटक्यात उठला. रॅम मात्र २१३३ वर दिसत होती, कारण अपडेटनंतर एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, बंद होतं. ते चालू केलं, ३२०० आलं, आणि मग तो जेवायला उठला.