इंग्लंडच्या फुटबॉल कपच्या सामन्याचा जुना प्रोग्रॅम: कसा वाचायचा, कसा जपायचा

आधी हात धुवून कोरडे करा. मग प्रोग्रॅम टेबलावर सपाट ठेवा आणि उघडायच्या आधी मधल्या पिना बघा. पिना गंजलेल्या असतील तर पानं पूर्ण उलगडायची नाहीत, पिनेपाशीच कागद फाटतो. अर्ध्यावर उघडून खाली दुसरं पुस्तक टेकू म्हणून ठेवायचं आणि तसंच वाचायचं.

मी बाइंडिंगचं काम करते. सांगलीत हरभट रोडच्या एका बोळात आमचं दुकान आहे, मामांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. वकिलांच्या फायली, कॉलेजचे प्रबंध, जुन्या पोथ्या, हे रोजचं काम. एक दिवस मिरजेच्या एक ताई दीडेक बोट जाडीचा गठ्ठा घेऊन आल्या. त्यांचे वडील डॉक्टर. १९५०च्या दशकात शिकायला म्हणून लँकेशायरमधल्या इस्पितळात होते आणि शनिवारी ड्यूटी नसली की फुटबॉलला जायचे. गठ्ठा इंग्लंडच्या एफ. ए. कपच्या, म्हणजे हरलेला संघ बाद होतो त्या फुटबॉल स्पर्धेच्या, सामन्यांच्या प्रोग्रॅमांचा. "वहिनी, कडा कापून एकसारखं करा आणि कापडी पुठ्ठ्यात बांधून द्या," असं त्यांचं म्हणणं. कडा कापायला मी नाही म्हटलं, का ते पुढे येईलच. गठ्ठा मात्र ठेवून घेतला आणि वाचायला लागले. आता इंटरनेटवरचे स्कॅनसुद्धा वाचते.

प्रोग्रॅम म्हणजे मैदानाच्या दारात दोन-तीन पेन्सला मिळणारी पातळ पुस्तिका. महायुद्ध संपलं तरी इंग्लंडात कागदाची टंचाई होती, त्यामुळे १९४६-४७चे कित्येक प्रोग्रॅम म्हणजे दुमडलेला एकच कागद. पानं जसजशी वाढत जातात तसतसा देश सावरत गेलेला दिसतो. लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या अंतिम सामन्याचा प्रोग्रॅम तेवढा जाड, आणि त्याला मोजायचा एक शिलिंग. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एवढा हिशेब एका चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा. ज्यांच्या घरात अजून आणे-पैची भाषा ऐकू येते त्यांना तो लगेच जमतो.

मुखपृष्ठावर तारीख, फेरी आणि सामना सुरू व्हायची वेळ असते. सगळे थेट खेळाडूंच्या नावांकडे धावतात. तुम्ही वेळेपाशी थांबा. इंग्लंडात तेव्हा सामना एरवी शनिवारी तीनला. पण लीगच्या, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या साखळी स्पर्धेच्या, वरच्या दोन डिव्हिजनचे क्लब कपात उतरतात ती तिसरी फेरी जानेवारीत, आणि तिथे जानेवारीत चारच्या पुढे अंधारायला लागतं. कपाच्या सामन्यांत विजेचे झोत पहिल्यांदा आले ते १९५५ मध्ये. त्याआधीच्या जानेवारीतल्या प्रोग्रॅमवर सव्वादोन-अडीचची वेळ दिसली की ती उजेडाची वेळ समजायची. दुसरीकडे कारखाने शनिवारी दुपारपर्यंत चालायचे. बारा वाजता भोंगा, सव्वादोनला शिट्टी. म्हणजे बरीच माणसं घरी न जाता गिरणीतून थेट मैदानावर, कामाच्या कपड्यांवर आणि डोक्याला चपटी टोपी. एका वेळेवरून एवढं कळतं. आपल्या घड्याळात बसवायचं तर हिवाळ्यातल्या तिथल्या तीनला इथे साडेआठ झालेले असतात, सांगलीत जेवणं उरकत आलेली.

आता मधली दोन पानं. वरच्या बाजूला एक संघ, खालच्या बाजूला दुसरा, उलटा मांडलेला. गोलकीपर एक नंबर, मग दोन बॅक (बचाव करणारे), तीन हाफ (मधल्या फळीतले) आणि पाच फॉरवर्ड (चढाई करणारे), असे अकरा. नंबर माणसाचा नसून जागेचा: सात म्हणजे उजवा विंगर (कडेने खेळणारा), नऊ म्हणजे मधला फॉरवर्ड, अकरा म्हणजे डावा विंगर. ही मांडणी डोळे झाकून खरी मानू नका. छापलेलं चित्र जुन्या पद्धतीचं असायचं. ऑफसाइडचा, म्हणजे गोलजवळ आधीच जाऊन थांबणाऱ्याला अडवणारा, नियम १९२५ मध्ये बदलल्यापासून बहुतेक संघांनी पाच नंबरवाल्याला मागे, दोन बॅकच्या मध्ये खेचला होता आणि आठ व दहा नंबरवाले थोडे मागे येऊन खेळायचे. छापखान्याने साचा तेवढा जुनाच ठेवला.

तिथे राखीव खेळाडूंची नावं शोधू नका, ती नसतातच. कपात बदली खेळाडूची परवानगी १९६६-६७च्या मोसमात आली. तोवर कुणी जायबंदी झाला की तो तरी लंगडत खेळायचा, नाहीतर संघ दहाजणांचा. १९५२च्या अंतिम सामन्यात आर्सेनलच्या वॉली बार्न्सचा गुडघा गेला, उरलेला सामना त्यांनी दहाजणांनी काढला आणि न्यूकॅसलने १-०ने कप नेला. पुढच्याच वर्षी, २ मे १९५३ला, बोल्टनचा एरिक बेल पायाचा स्नायू दुखावून विंगवर जाऊन उभा राहिला, आणि त्या अवस्थेत त्याने हेडरने गोल केला. बोल्टन ३-१ पुढे गेलं. तरी शेवटी ब्लॅकपूल ४-३ जिंकलं. स्टॅन मॉर्टेन्सनचे तीन गोल, शेवटचा बिल पेरीचा, आणि लोक आजही त्या सामन्याला नाव देतात ते ३८ वर्षांच्या स्टॅनली मॅथ्यूजचं, ज्याने एकही गोल केला नव्हता. मॉर्टेन्सनवर हा अन्याय आहे असं माझं मत. आमच्या दुकानात हे कुणाला पटत नाही.

क्रिकेटवाल्या पाहुण्यांसाठी मी एक स्कॅन छापून ठेवलाय, १९५०च्या अंतिम सामन्याचा. आर्सेनलच्या अकरा नंबरपुढे नाव आहे डेनिस कॉम्प्टन. होय, तोच, इंग्लंडचा क्रिकेटपटू. युद्धाच्या काळात हा लष्करात हिंदुस्थानात होता आणि १९४५ मध्ये होळकर संघाकडून रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ केल्या होत्या. १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे त्याच्याविरुद्ध खेळले. फुटबॉलचं नाव काढलं की उठून जाणारे म्हातारे या पानावर पाऊण तास बसतात. आर्सेनलने लिव्हरपूलला २-० हरवलं, दोन्ही गोल रेग लुइसचे.

पेन्सिलीच्या खुणांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. जमवणाऱ्यांच्या बाजारात खाडाखोड असलेल्या प्रोग्रॅमची किंमत पडते. वाचायला बसणाऱ्याला मात्र तोच हवा. प्रोग्रॅम सामन्याच्या आधी छापलेला असतो, त्यामुळे त्यातला संघ हा नुसता अंदाज. दुपारी लाउडस्पीकरवर बदल सांगत आणि लोक छापील नाव खोडून वर नवं लिहीत. डॉक्टरांनीही तसंच केलंय, बारीक टोकदार अक्षरात. खोडलेलं नाव आणि वर लिहिलेलं नाव, दोन्ही टिपून घ्या. गोलांच्या खुणा नावापुढे उभ्या रेघांनी केलेल्या असतात, तेवढ्यावर मात्र निकाल ठरवू नका. पुष्कळांची पेन्सिल मध्यंतरालाच खिशात जाते. १९५३च्या उपांत्य सामन्यात बोल्टन मध्यंतराला एव्हर्टनविरुद्ध ४-० पुढे होतं आणि संपताना ४-३. पेन्सिल चार रेघांवर थांबली असती तर वाचणाऱ्याला तो एकतर्फी सामना वाटला असता.

मागच्या किंवा आतल्या एका पानावर इतर सामन्यांची यादी सापडेल आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: ए, बी, सी, डी. हे कोडं मला फार आवडतं. मैदानाच्या कडेला कुंपणाजवळ हीच अक्षरं रंगवलेला फलक असायचा. मध्यंतराला माणूस येऊन अक्षराखाली आकडे अडकवून जायचा, क्लबांची नावं कुठेच नाहीत. ए म्हणजे कोणता सामना हे प्रोग्रॅम घेतल्याशिवाय कळणार नाही. खिशात रेडिओ नसलेल्या माणसाकडून दोन पेन्स काढायची ही युक्ती मला मनापासून मान्य आहे. त्या यादीपुढे पेन्सिलीचे आकडे असतील तर वाचणारा कोणत्या गावांवर लक्ष ठेवून होता ते कळतं. पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या सोमवारी दुपारी पिशवीतून काढायचे आणि बीबीसी ते रेडिओवर ऐकवायची, तोवर याच आकड्यांवर गप्पा.

बरोबरी झाली तर पेनल्टी किकांनी निकाल लावत नसत. दुसऱ्या संघाच्या मैदानावर, आठवड्याच्या मधल्या दिवशी पुन्हा सामना. म्हणून एकाच जोडीचे दोन-तीन प्रोग्रॅम सापडले तर ते डुप्लिकेट समजून बाजूला टाकू नका. १९५५ मध्ये स्टोक आणि बरी तिसऱ्या फेरीत पाच वेळा भिडले, ९ तास २२ मिनिटं, तेव्हा स्टोक जिंकलं. मधले दिवस सरकारला खटकायचे, कारण कामगार कारखान्यातून गायब. १९४७च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कोळसा संपत आला तेव्हा मधल्या वारी सामने बंदच केले, आणि लीगचा मोसम लांबत लांबत जूनपर्यंत गेला.

जाहिराती सोडू नका. सिगारेट, बिअर, बोव्हरिल (गरम पाण्यात घालून प्यायचा गोमांसाचा अर्क) असं सगळं दिसेल, पण विकत मिळत होतं असं नाही. साखर, लोणी, मांस, सगळ्याला कार्ड. चहावरचं रेशन १९५२ मध्ये उठलं, चॉकलेट-गोळ्यांवरचं १९५३ मध्ये, मांसावरचं १९५४ मध्ये. कपड्यांची कुपनं १९४९ पर्यंत चालली, आणि क्लब आपल्या प्रेक्षकांकडेच जर्सीसाठी कुपनं मागायचे. पानावरचा खेळाडू केवढाही मोठा असो, आठवड्याचा पगार ठरवून दिलेल्या मर्यादेतच: १९४७ मध्ये जास्तीत जास्त १२ पौंड, १९५८ मध्ये २०. ती मर्यादा १९६१ मध्ये गेली. लोकांच्या हातातली लाकडी खुळखुळी, जी फिरवली की कर्कश खटखट करते, तीही पुष्कळदा युद्धातली. विषारी वायूचा इशारा द्यायला हवाई हल्ल्यांच्या वेळच्या वॉर्डनांना दिलेली.

किती लोक आले होते ते त्या प्रोग्रॅममध्ये कधीच नसतं. त्यासाठी त्याच मैदानावरच्या पुढच्या सामन्याचा प्रोग्रॅम शोधायचा. मागच्या सामन्याचं वर्णन आणि गर्दीचा आकडा तिथे येतो. हे दोन शेजारी ठेवूनच वाचावेत. गर्दी किती असायची? १९४८-४९च्या मोसमात नुसत्या लीगच्या सामन्यांना ४ कोटी १२ लाखांवर तिकिटं गेली. बहुतेकजण सव्वा शिलिंग देऊन मैदानाभोवतीच्या उतारावर उभे.

त्या गर्दीची दुसरी बाजू ९ मार्च १९४६च्या बोल्टन-स्टोक सामन्याची. बोल्टनच्या बर्न्डन पार्क मैदानाचा एक भाग युद्धकाळात सरकारने घेतलेला, तो अजून परत मिळाला नव्हता, त्यामुळे त्या बाजूची दारं बंद. रेल्वेच्या बांधाकडच्या टोकाला माणसं अनावर वाढली, काहीजण कुंपण चढून रुळांवरून आत शिरले, आधाराचे लोखंडी कठडे मोडले आणि ३३ जण चिरडून गेले. मृतदेह कडेला झाकून ठेवून सामना पुढे खेळवला, ०-०. तुमच्या हाती त्या दिवसाचा प्रोग्रॅम आला तर त्यात यातलं काही नसणार. आत नेहमीसारखीच नावं आणि जाहिराती. तारीख ओळखता आली पाहिजे, म्हणून हे सांगितलं.

आता जपण्याचं, कारण सांगलीत राहून कागद जपायचा म्हणजे कृष्णामाईशी गाठ. २०१९च्या पुरानंतर आमच्याकडे भिजलेल्या वह्यांची रांग लागली होती. भिजलेला प्रोग्रॅम उन्हात टाकायचा नाही, वाकडा होतो. पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याखाली, टीपकागद बदलत बदलत वाळवायचा. चकचकीत कागदाची पानं चिकटायच्या आत सुटी करायची. गंजकी पिन बोथट सुरीने पाठीमागून उचकटून काढा, ओढू नका, आणि तिच्या जागी पांढऱ्या सुती दोऱ्याचे दोन टाके घाला, जुन्याच भोकांतून. फाटलं तर सेलोटेप नको, काही वर्षांनी ती पिवळा डाग ठेवून गळून पडते. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. आम्ही बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालतो, ती खळ इथे चालायची नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही.

आणि कडा का कापायच्या नाहीत? डॉक्टरांनी निम्मं लिखाण कडेलाच केलंय: बदललेली नावं, एका ठिकाणी गाडीची वेळ, एका ठिकाणी नुसतं "पाऊस", मराठीत. मशीनवर कडा सरळ केली की हे सगळं खोक्यात जातं. शिवाय काही क्लब प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात टोकन छापायचे, ते कापून जमवलं तर मोठ्या सामन्याचं तिकीट मिळायला मदत व्हायची. कोपरा कापलेला प्रोग्रॅम खराब झालेला नसतो, वापरलेला असतो. ताईंना मी पुठ्ठ्याची पेटी करून दिली, आत प्रत्येक प्रोग्रॅमला कागदी पाकीट, पाकिटावर तारीख आणि दोन संघ पेन्सिलीने. शाई नको, ओल लागली की आत उतरते. पेटी माळ्यावर ठेवा म्हटलं, पण पत्र्याला लागून नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते.