लिनक्स टाकलं, आता अडलं तर मदत कुठं शोधायची

परभणी, नांदेड, लातूरकडं बरीच पोरं जुन्या लॅपटॉपवर उबंटू नाहीतर लिनक्स मिंट (दोन्ही लिनक्सचेच प्रकार, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकायलेत, लई चांगलं करायलेत, पण वायफाय दिसंना की परत दुकानात जाऊन विंडोज मारून आणतात. तसं करू नका, मदत भरपूर आहे अन् फुकट आहे.

नवीनच असाल तर आधी आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल धरा. लिनक्सचे धडे मराठीत आहेत, एकेक साधारण १० मिनिटांचा. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) ठेवून सोबत करत जायचं, नुसतं बघून डोक्यात काही राहत नाही.

रेंज गेली तरी मशीनमधी मदत आहेच. टर्मिनलमधी मॅन (man) लिहून स्पेस देऊन कमांडचं नाव टाका, तिची सगळी माहिती येते, स्लॅश दाबून शब्द शोधायचा, क्यू दाबलं की बाहेर. कमांडचं नावच माहीत नसेल तर अप्रोपोस (apropos) लिहून पुढं कामाचा इंग्रजी शब्द टाका, जुळणाऱ्या कमांड दिसतील.

आता वायफायचंच घ्या. मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, तेवढ्यापुरतं नेट आलं. मग टर्मिनलमधी एलएसपीसीआय (lspci) टाका, नेटवर्क कंट्रोलरच्या (Network controller) ओळीत वायफाय कार्डचं नाव असतं, ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ असलं काहीतरी. मिंटमधी ड्रायव्हर मॅनेजर, उबंटूत ॲडिशनल ड्रायव्हर्स उघडा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा तिथंच सापडतो. नाही सापडला तर कार्डचं तेच नाव अन् आपलं व्हर्जन टाकून शोधा, नुसतं "वायफाय चालत नाही" टाकलं तर हजार भलत्याच गोष्टी येतात.

शोधताना आस्क उबंटू ह्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरची उत्तरं बघा, पण तारीख बघूनच, २०१२ चं उत्तर आज चालेलच असं नाही. मिंट २२ उबंटू २४.०४ वरच बांधलेलं आहे त्यामुळं २४.०४ ची बहुतेक उत्तरं मिंटवाल्यांना पण चालतात. आर्च हा लिनक्सचा आणखी एक प्रकार, त्याची माहितीची साइट आर्च विकी तर आर्च वापरत नसाल तरी वाचा, इतकं नीट समजावलेलं दुसरीकडं क्वचितच मिळतं, फक्त पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या कमांड तिथल्या घेऊ नका, त्यासाठी तिकडं पॅकमॅन (pacman) असतं अन् आपल्याकडं एपीटी (apt).

तरी सुटलं नाही तर ऑनलाईन फोरमवर स्वतः विचारा, मोडक्या इंग्रजीत विचारलं तरी लोक सांगतात. लॅपटॉपचं मॉडेल, व्हर्जन, आधी काय काय करून बघितलं ते लिहा अन् एरर जशीच्या तशी टाका, मोबाईलनं काढलेला तिरपा फोटो नको. टर्मिनलमधून कॉपी करायला कंट्रोल शिफ्ट सी, नुसतं कंट्रोल सी दाबलं तर चालू कमांडच बंद पडते.

अन् कुणी दिलेली कमांड सुडोनं (sudo, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन चालणारी) सुरू होत असेल तर आधी तिचं मॅन पेज वाचा, कमांडमधी आरएम (rm, फाईली पुसून टाकणारी कमांड) दिसलं तर पुढं कोणत्या फोल्डरचं नाव आहे ते पक्कं बघूनच एंटर मारा.