यंत्रमागावरचा मीटर तिसऱ्या दिवशी मुका का व्हायचा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी पिक (मागानं विणलेले आडवे धागे) मोजणारा मीटर बसवला होता. आर्डुइनोचा ऊनो आर३ बोर्ड, एसएमएस पाठवणारं जीएसएम मॉड्यूल, दर तासाला मालकांना एसएमएस. दोन दिवस झकास चालायचा. तिसऱ्या दिवशी एसएमएस अर्धवट, मग बंदच. "काय बे, झोपला की तुझा मीटर," माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणायचा. मी सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, मे महिन्याच्या उन्हावरही खापर फोडलं. दोष माझ्या प्रोग्राममधल्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या पद्धतीत होता.

ऊनोच्या चिपमध्ये रॅम अवघी २०४८ बाइट. अधिकचं चिन्ह टाकून मजकूर जोडत गेलात की हीपमध्ये (रॅमचा गरजेनुसार वाटला जाणारा भाग) सारखी नवी जागा घेतली जाते, जुनी सुटते. आमच्या गड्डा जत्रेत होम मैदानावर मधले चार-पाच बांगड्यांचे स्टॉल उठले, तरी आकाशपाळण्याला सलग जागा मिळत नाही; तसंच हे. आणि जागा मिळाली नाही तर स्ट्रिंग तक्रारही करत नाही, जोड गुपचूप गाळते.

म्हणून जागा आधीच आखा. प्रोग्रामच्या वरच्या भागात ठरलेल्या मापाचा कॅरेक्टर ॲरे (अक्षरांसाठी घरांची रांग) घ्या. मी १६१ घेतो: इंग्रजी एसएमएसची १६० अक्षरं आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य. तो एसएन-प्रिंट-एफ (snprintf) या फंक्शननं भरा, माप साइझ-ऑफनं (sizeof) द्या. फंक्शनकडून परत आलेला आकडा मापाइतका किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेलाय. (मी हा आकडा कित्येक महिने बघितलाच नव्हता.) ऊनोवर दशांश छापायला गेलात तर प्रश्नचिन्ह उमटतं, मी मीटरऐवजी सेंटिमीटर पूर्णांकात ठेवतो.

डिस्प्लेवर मराठी हवं असेल तर माप अक्षरांत नाही, बाइटांत मोजा. 'सोलापूर' यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) २१ बाइट खातं, कारण काना-मात्राही प्रत्येकी तीन बाइट घेतात.

जीएसएम मॉड्यूलचं उत्तर एकेक बाइट ॲरेत घ्या, शेवटचं घर शून्यासाठी राखा, जास्तीचं फेकून द्या. सीरियलवर छापायची ठरीव वाक्यं एफ-मॅक्रोत, म्हणजे F("...") असं लिहून ठेवा, नाहीतर तीही रॅम अडवतात.

ऊनोऐवजी ईएसपी८२६६ ही वायफायवाली चिप वापरत असाल, तर तिच्यावर नुसती मोकळी मेमरी पाहून निर्धास्त होऊ नका. दर तासाला सर्वांत मोठा सलग तुकडा छापा. तो आक्रसत असेल तर कुठेतरी स्ट्रिंग उरलीय.

वॉचडॉग (अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर) लावा, पण शेवटी. मी आधी लावला होता; मीटर मध्येच रीसेट होऊन पिकांचा आकडा शून्य करायचा, आणि पगाराच्या दिवशी सगळे विणकर माझ्याकडे बघायचे.