2147483647 मूळ संख्या आहे हे वही-पेन घेऊन कसं तपासायचं

कोडिंग करणाऱ्यांनी हा आकडा कधी ना कधी पाहिलेलाच असतो, 32 बिटच्या साईन्ड इंटिजरमध्ये (धन-ऋण दोन्ही पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारात) मावणारी सगळ्यात मोठी संख्या, म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. ती मूळ संख्या आहे हे 1772 मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं, तेही नजर जवळपास गेलेली असताना, आणि त्याची युक्ती इतकी सुंदर आहे की एकदा तरी स्वतः करून बघाच.

शाळेतली पद्धत म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत सुटायचं. इथे वर्गमूळ 46340 च्या जरा वर येतं आणि तिथपर्यंत साडेचार हजारांच्या वर मूळ संख्या आहेत, त्यामुळे तो नाद सोडा.

त्याऐवजी समजा क या मूळ संख्येने आपल्या आकड्याला भाग जातो. मग 2 च्या 31 व्या घाताला क ने भागलं की बाकी 1 उरते, आणि 31 स्वतः मूळ असल्यामुळे त्याआधीच्या कुठल्याच घाताला बाकी 1 येत नाही, म्हणजे बाकी 1 फक्त 31 च्या पटीतल्या घातांनाच येते. आता फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की 2 च्या (क वजा 1) व्या घातालाही बाकी 1 च असते, म्हणून क वजा 1 ला 31 ने भाग जायलाच हवा, आणि तो सम आहे म्हणजे 62 ने पण. शिवाय 32 व्या घाताची बाकी 2 येते, 32 सम आहे, म्हणजे कुठल्यातरी संख्येच्या वर्गाची बाकी 2 येते, आणि असं ज्यांच्या बाबतीत होतं त्या विषम मूळ संख्यांना 8 ने भागलं की बाकी 1 किंवा 7 च उरते. दोन्ही अटी जोडल्या की क ला 248 ने भागून बाकी 1 किंवा 63, बस! 63 स्वतः मूळ नाही, ती सोडली तर 46340 पर्यंत अशा फक्त 372 संख्या आहेत, आणि त्यातल्याही बऱ्याच 3, 5, 7 ने लगेच उडतात.

249 म्हणजे 3 गुणिले 83, गेली. पुढची 311, ही खरी मूळ. दहा आकडी भागाकार करू नका, वर्ग करत जा आणि दरवेळी 311 ने भागून बाकी घ्या. 2 चा आठवा घात 256, त्यातून 311 वजा केले की वजा 55, बाकीसाठी दोन्ही सारखेच. त्याचा वर्ग 3025, बाकी 226, म्हणजेच वजा 85, हा झाला सोळावा. परत वर्ग 7225, बाकी 72, हा बत्तिसावा. 31 वा त्याच्या निम्मा, 36. त्यातून 1 गेला, उरले 35. शून्य आलं नाही म्हणजे 311 ने भाग जात नाही.

वजा संख्या घ्यायला कंटाळू नका, आकडे छोटे राहतात आणि चुका खूप कमी होतात.

यानंतर 497, 559, 745, 807, 993, 1055, 1241 या सगळ्या फुटतात, आणि थेट 1303 वर याल. तिथे बाकी 226 यायला हवी, तेवढी जुळली की पद्धत हातात बसली, मग रोज आठ-दहा करत 46340 पर्यंत जा.